लगामाची तिहेरी परीक्षा

तोच गाडीवान, तेच घोडे आणि तीन निराळ्या परीक्षा, असे संयुक्त घोडागाडी स्पर्धेचे स्वरूप असते. जगभर ती ‘कंबाइंड ड्रायव्हिंग’ या नावाने ओळखली जाते. आधी आखीव मैदानात घोड्यांची चाल आणि शिस्त पाहतात. मग रानातून, चढउतारांवरून, पाण्यातून गाडी न्यावी लागते. शेवटी प्लॅस्टिकच्या शंकूंच्या अरुंद जोड्यांमधून, त्यांच्यावर ठेवलेले चेंडू न पाडता, ती बाहेर काढायची असते. तिन्हीकडचे दंडगुण एकत्र केले जातात आणि ज्याच्या खात्यात सर्वांत कमी दंड, तो जिंकतो. म्हणजे इथे गुण कमवायचे नसतात, चुका टाळायच्या असतात.

सांबरा, बेळगाव, निपाणी, चिकोडी या सीमाभागात घोडागाडीची शर्यत म्हटले की वेगळेच चित्र उभे राहते. गावच्या यात्रेला शर्यतीचे फलक लागतात. हलक्या दुचाकी गाड्याला एक घोडा जुंपलेला असतो, गाडीवान अर्धा उभा, अर्धा बसलेला असतो. ठरलेल्या खुणेपर्यंत जायचे आणि वळून परत यायचे. मागून-पुढून मोटारसायकलींचा ताफा, हॉर्न आणि आरडाओरडा. जो आधी पोहोचला तो पहिला, बाकी कशाचा हिशेब नाही. बेळगाव तालुक्यातल्या गावांत बैलांचा रिकामा गाडा पळवण्याची शर्यत असते. तिथे ठरलेल्या वेळात कोणत्या जोडीने जास्त अंतर कापले ते फुटांत मोजतात. मोजण्याची पद्धत वेगळी, पण दोन्हीकडे कसोटी एकट्या वेगाचीच. संयुक्त स्पर्धेतही वेगाला किंमत आहे, पण ताबा सुटलेला वेग तिथे कामाचा नाही.

घोडे ताब्यात ठेवून गाडी हाकण्याची परंपरा या मुलखाला परकी नाही. निपाणीच्या शेजारच्या कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले आणि कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले राजर्षी शाहू महाराज यांचा ‘खडखडा’ कोल्हापूरकरांच्या अजून तोंडी आहे. नव्या घोड्यांना जुंपणीची सवय लावण्यासाठी वापरायची ही उघडी, दणकट गाडी. ना गादीचा थाट, ना छत्रीची सावली. महाराज ती स्वतः हाकत आणि वाटेत भेटलेल्या सामान्य माणसालाही शेजारी बसवून घेत, अशा आठवणी सांगितल्या जातात. अर्धवट तयार झालेल्या घोड्यांच्या जोड्या रस्त्यावरून सांभाळून नेणे हे चाबुकस्वाराचे काम, आणि त्यासाठी हाताला जी समज लागते तीच संयुक्त स्पर्धेत तपासली जाते. पुढे बेळगाव, कोल्हापूर, मिरज या शहरांत टांगेवाल्यांनी ती समज रोजच्या पोटापाण्यासाठी टिकवली. रिक्षा आल्या तसे टांगे गेले आणि त्यांच्यासोबत साज शिवणारे, चाके बांधणारे, नाल ठोकणारे नालबंदही कमी झाले.

स्पर्धेचे आजचे रूप फार जुने नाही. एलिझाबेथ राणीचे पती प्रिन्स फिलिप १९६४ ते १९८६ या काळात आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचे अध्यक्ष होते. युरोपात, विशेषतः हंगेरी, जर्मनी, पोलंड या देशांत चार घोड्यांच्या गाड्यांच्या स्पर्धा आधीपासून होत, पण प्रत्येक ठिकाणची रीत निराळी. फिलिप यांच्या पुढाकाराने १९७०च्या सुमारास सर्वांसाठी एक नियमावली तयार झाली. १९७१ मध्ये बुडापेस्टला पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९७२ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टरला पहिली जागतिक. त्याच सुमारास पन्नाशीच्या फिलिप यांनी पोलो सोडला आणि स्वतः लगाम हातात घेतले. १९८०च्या विंडसर येथील जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या ब्रिटिश संघात ते होते. नियम लिहिणाराच त्या नियमांखाली दंड भरायला मैदानात उतरतो, असे क्रीडाक्षेत्रात क्वचित दिसते. १७ एप्रिल २०२१ रोजी त्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी त्यांची गाडी आणि फेल जातीचे दोन पोनी विंडसरच्या किल्ल्याच्या चौकात उभे होते.

नियमावलीचा साचा घेतला तो घोडेस्वारीच्या ‘इव्हेंटिंग’वरून. त्यात एकच स्वार एकाच घोड्यावर शिस्त, रानातली दौड आणि उड्या अशा तीन परीक्षा देतो. हा खेळ भारताला चांगला परिचित आहे. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताने त्यात वैयक्तिक आणि सांघिक सुवर्ण मिळवले होते. कर्नाटकच्या फवाद मिर्झाने २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये वैयक्तिक रौप्य मिळवले आणि नंतर टोकियो ऑलिंपिकमध्येही तो याच प्रकारात उतरला. गाड्यांच्या स्पर्धेत स्वाराच्या जागी गाडीवान आला आणि उड्यांच्या जागी शंकू. ऑलिंपिकमध्ये मात्र या प्रकाराला स्थान नाही. त्यातला सर्वांत मोठा मान म्हणजे जागतिक अजिंक्यपद. चार घोड्यांच्या गटात अलीकडच्या काळावर ऑस्ट्रेलियाच्या बॉइड एक्सेलची छाप आहे. २०१० पासून त्याने हे पद वारंवार जिंकले आहे. त्याच्या आधीच्या पिढीत नेदरलँड्सचा आयसब्रँड शार्दोन हे मोठे नाव होते. पुरुष आणि स्त्रिया या खेळात एकाच गटात उतरतात.

गट पडतात ते जुंपणीनुसार. एका घोड्याची गाडी, जोडी, एकामागे एक असे दोन घोडे, आणि चार घोड्यांची चौकडी. पोनींचे गट वेगळे असतात. गाडीवान एकटा नसतो. एका घोड्याच्या किंवा जोडीच्या गाडीवर एक मोतद्दार असतो, चौकडीच्या गाडीवर दोन. रानातल्या फेरीत मागे उभा राहणारा हा माणूस नुसता सोबती नसतो. वळणावर गाडी कलू लागली की तो अंग बाहेर टाकून तोल सावरतो, अडथळ्यातले पुढचे दार कोणते ते ओरडून सांगतो आणि घड्याळावर नजर ठेवतो. चौकडीचा गाडीवान स्पर्धेला पाच घोडे आणू शकतो आणि प्रत्येक परीक्षेसाठी त्यांतले चार निवडतो. शांत घोडा पहिल्या दिवशी, चपळ घोडा दुसऱ्या दिवशी, असा हिशेब त्यामागे असतो.

गाड्या दोन प्रकारच्या लागतात. पहिल्या परीक्षेसाठी देखणी, चकचकीत गाडी. रानातल्या फेरीसाठी पोलादी सांगाड्याची, ठेंगणी, मजबूत ब्रेकची. रानगाडीचे किमान वजन ठरलेले असते. चौकडीसाठी ६०० किलो, जोडीसाठी ३५० आणि एका घोड्यासाठी १५०. दोन चाकांमधली रुंदी किमान १२५ सेंटिमीटर. गाडी फार हलकी केली तर वेग मिळेल, पण वळणावर ती उलटेल, म्हणून ही अट. शर्यतीचा गाडा शक्य तितका हलका करण्याची आपल्याकडची धडपड पाहिली तर हा फरक लक्षात येतो.

साजाची तपासणी हे वेगळेच प्रकरण आहे. घोडा गाडी ओढतो तो छातीवरच्या पट्ट्याने किंवा मानेभोवतीच्या गळपट्ट्याने. पट्टा छातीवर फार वर बसला तर श्वासनलिकेवर दाब येतो, फार खाली बसला तर खांद्याची हालचाल अडते. मागे मांड्यांभोवती जाणारा पट्टा उतारावर गाडी रोखून धरतो. तो ढिला असेल तर गाडी थेट घोड्याच्या पायांवर येते. डोळ्यांवरच्या झापडांमुळे मागून फिरणारी चाके घोड्याला दिसत नाहीत. जाणता पंच पट्ट्याखाली बोटे घालून पाहतो, कडीजवळची कातडी सोललेली आहे का ते बघतो, आणि गाडीवानाने हातमोजे, टोपी आणि मांडीवरचे वस्त्र घेतले आहे की नाही हेही तपासतो. स्वच्छता आणि जुंपणीलाही गुण असतात. रोज खरारा न होणारा घोडा आदल्या रात्री घासूनपुसून चमकत नाही.

पहिली परीक्षा ड्रेसाजची. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये भारताच्या चमूने घोडेस्वारीतील याच प्रकाराचे सांघिक सुवर्ण मिळवले, त्यामुळे हा शब्द आता बऱ्याच वाचकांच्या कानावरून गेला आहे. गाड्यांसाठी मैदान १०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद असते. ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या हालचाली करायच्या. कदम चाल, आखूड दुडकी, लांब टाकलेली दुडकी, वर्तुळे, मधोमध थांबणे, सरळ रेषेत मागे हटणे. एका हालचालीत सगळे लगाम एकाच हातात धरून वर्तुळ काढून दाखवावे लागते. प्रत्येक हालचालीला पंच शून्य ते दहा गुण देतात. जितके गुण कमी पडले तितका दंड. सत्तर टक्के गुण मिळाले तर खात्यात ४८ दंडगुण जमा होतात. आवाजाने घोड्याला सूचना देता येते, चाबूक हातात असावाच लागतो. तो घोड्याला मारण्यासाठी नसतो. स्वार पायाच्या दाबाने जे सांगतो, ते गाडीवान चाबकाच्या हलक्या स्पर्शाने सांगतो.

बघ्यांना ही परीक्षा संथ वाटते. शर्यतीला सरावलेल्या डोळ्यांना तर ती कंटाळवाणीच वाटेल. पण घोडा मागे हटताना गाडी सरळ राहते की तिरपी होते, एवढ्यावरून गाडीवानाची वर्षांची मेहनत कळते. चौकडीत पुढच्या जोडीचे तोंड गाडीवानापासून सहा-सात मीटर दूर असते. चारही घोडे एकाच क्षणी थांबतात ते ओढाताणीने नव्हे, तर बोटांच्या हालचालीने.

दुसरी परीक्षा मॅरेथॉनची, आणि प्रेक्षकांची गर्दी होते ती हिच्यासाठी. तिचे टप्पे असतात. पहिल्यात काही किलोमीटरचा रस्ता ठरलेल्या सरासरी गतीने, घोड्यांसाठी साधारण ताशी १५ किलोमीटरने, पार करायचा. सांबऱ्याहून बेळगाव शहर दहा-एक किलोमीटरवर आहे. या गतीने तिथे पोहोचायला सुमारे चाळीस मिनिटे लागतील. वेळेची वरची आणि खालची दोन्ही मर्यादा असते. उशिरा पोहोचलात तरी दंड, फार लवकर पोहोचलात तरी दंड. इथला नवखा गाडीवान सर्वांत जास्त गोंधळेल तो याच नियमाने.

मग सक्तीची विश्रांती. घोड्यांवर पाणी मारतात, पट्टे सैल करतात आणि पशुवैद्य नाडी, श्वास, चाल तपासतो. उभ्या घोड्याची नाडी एरवी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. दौडीत ती कितीतरी पटींनी वाढते. महत्त्वाचे असते ते ती किती लवकर खाली येते हे. तंदुरुस्त घोडा दहा मिनिटांत बराच सावरतो. लंगडणारा किंवा सावरत नसलेला घोडा तिथेच बाद होतो. गाडीवानाने कितीही हुज्जत घातली तरी पशुवैद्याचा शब्द अंतिम.

त्यानंतरच्या टप्प्यात अडथळे येतात, मोठ्या स्पर्धेत आठपर्यंत. अडथळा म्हणजे ओंडके, कुंपणे, झाडे, टेकाड किंवा पाण्याचा डोह यांच्यामध्ये रचलेला एक छोटा चक्रव्यूह. आत अक्षरांनी दाखवलेली दारे असतात. त्या क्रमानेच आणि योग्य दिशेनेच त्यांतून जावे लागते. उजवीकडे लाल खूण, डावीकडे पांढरी. दोन दारांमधला रस्ता मात्र गाडीवानाने ठरवायचा. म्हणून स्पर्धेच्या आधी गाडीवान आणि मोतद्दार हे अडथळे पुन्हा पुन्हा पायी फिरतात. जवळचा पण तीव्र वळणाचा रस्ता घ्यावा की लांबचा पण मोकळा, हे त्या फेऱ्यांत ठरते. घड्याळ आत शिरताच सुरू होते आणि बाहेर पडताच थांबते. प्रत्येक सेकंदाला पाव दंडगुण. एका अडथळ्यात १०० सेकंद गेले तर २५ दंडगुण झाले. मोतद्दाराला खाली उतरावे लागले तर आणखी दंड. दार चुकले आणि ते दुरुस्त न करता गाडी बाहेर पडली तर स्पर्धकच बाद.

चौकडी चौखूर उधळत डोहात शिरते आणि पाण्याचे फवारे उडवत बाहेर पडते, तेव्हा पाहणाऱ्याला ती निव्वळ धाडसाची गोष्ट वाटते. तसे नसते. पुढची जोडी दारातून बाहेर पडून वळू लागलेली असते, तेव्हा मागची जोडी अजून दारातच असते आणि गाडी दाराच्या अलीकडेच असते. पुढच्या घोड्यांना क्षणभर लवकर वळवले तर मागचे चाक खांबाला घासते. उशिरा वळवले तर सेकंद वाया जातात. डाव्या हातातले लगाम किती इंच सोडायचे आणि उजव्यातले किती ओढायचे, हा हिशेब चालत्या गाडीत करावा लागतो. वेग तिथे दिसतो, पण तो कमावलेला असतो पहिल्या दिवसाच्या संथ मैदानात.

तिसरी परीक्षा शंकूंची. आदल्या दिवसाच्या दमछाकीनंतर घोडे अजून ऐकतात का, हे ती सांगते. मैदानात शंकूंच्या वीसपर्यंत जोड्या मांडतात आणि प्रत्येक शंकूच्या माथ्यावरच्या खाचेत चेंडू ठेवतात. दोन शंकूंमधली जागा गाडीच्या चाकांच्या रुंदीपेक्षा जेमतेम वीस ते चाळीस सेंटिमीटर जास्त असते. म्हणजे दोन्ही बाजूंना हाताच्या वितीइतकीही जागा धड उरत नाही. एक चेंडू पडला की तीन दंडगुण, ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की प्रत्येक सेकंदाला त्याचा वेगळा दंड. दोन दिवस आघाडीवर असलेला गाडीवान इथे दोन चेंडूंनी खाली घसरल्याची उदाहरणे या खेळात नेहमीची आहेत.

अशा स्पर्धेसाठी घोडा तयार करायला वेळ लागतो. आधी गाडीशिवाय, लांब दोऱ्यांवर मागून हाकत चालवतात. मग साज चढवून ओंडका किंवा टायर ओढायला लावतात, कारण मागून येणाऱ्या आवाजाला घोडा सर्वांत जास्त बिचकतो. गाडी जुंपायची ती त्यानंतर. डांबरी रस्त्यावर सतत पळवलेल्या घोड्याच्या खुरांना आणि सांध्यांना दणके बसतात. मऊ जमिनीवरची दुडकी हा दम वाढवण्याचा खरा मार्ग. धनुर्वाताची लस घोड्याला चुकवून चालत नाही, कारण हा रोग त्याला सहज जडतो. खाण्यात अचानक बदल केला, शर्यतीच्या आधी हरभरा आणि गूळ जास्त चारला, तर पोटशूळ उठतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. जातींचा विचार केला तर युरोपात उंच, वजनदार घोडे वापरतात. पण एका घोड्याच्या किंवा पोनीच्या गटाला अंगापिंडाने लहान, चिवट घोडेही चालतात. दख्खनच्या पठारावर वाढलेला भीमथडी घोडा, ज्याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली, तो अशा कामाला कमी पडणार नाही. मारवाडी आणि काठेवाडी घोडे तर सारंगखेडा आणि अकलूजच्या बाजारांतून या भागात येतातच.

भारतात घोडागाडीच्या या संयुक्त प्रकाराने अजून मूळ धरलेले नाही. सीमाभागातल्या शर्यतींपुढे मात्र कायद्याचा प्रश्न उभा आहे आणि तो अनेक आयोजक नीट समजून घेत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलगाडा शर्यतींना मनाई केली. २०१७ मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या केंद्रीय कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या वैध ठरवल्या. पण त्या दुरुस्त्या बैल आणि कंबळा शर्यतीतल्या रेड्यांपुरत्या आहेत. घोडा त्यात नाही. लोकांना प्रवेश असलेल्या कार्यक्रमात घोडा पळवायचा तर २००१च्या नियमांनुसार त्याची प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ओझे ओढणाऱ्या जनावरांसाठीचे १९६५चे नियमही लागू आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपणी नाही, टोचणारी साधने नाहीत. घोडा आणि बैल एकाच गाड्याला जुंपण्याचा जो प्रकार पश्चिम महाराष्ट्रात अधूनमधून दिसतो, त्याचे समर्थन तर कायद्याबाहेरही करता येत नाही. दोघांची उंची वेगळी, पाऊल वेगळे, ओढण्याची रीतही वेगळी.

संयुक्त स्पर्धेतले जे सर्वांत स्वस्त आहे, तेच इथे सर्वांत आधी आणता येईल. मॅरेथॉनला रान, ओंडके आणि पशुवैद्यांचा ताफा लागतो, ड्रेसाजला जाणते पंच लागतात. शंकूंच्या परीक्षेला मात्र सुगी झालेले एखादे सपाट शेत, चाळीस प्लॅस्टिकचे शंकू, तितकेच चेंडू आणि एक घड्याळ पुरते. रस्ता अडवावा लागत नाही, मोटारसायकली मागे धावत नाहीत, आणि चेंडू पडला की नाही यावर वादही होत नाही. यात्रा समित्यांनी नोंदणी आणि पशुवैद्याची सोय करून एखाद्या वर्षी घोडागाडी शर्यतीच्या जागी ही परीक्षा ठेवून पाहावी. बक्षिसाची रक्कम तीच राहू द्यावी.